नारळ फुटू द्या, पुढचं पुढं

आमच्या भागातल्या माणसांना नियोजन जमत नाही असं म्हणणाऱ्याला एकदा न्हावऱ्यातलं भूमिपूजन दाखवायला हवं. नारळ कुणाच्या दुकानातून आणायचा, कुदळीला हळदीकुंकू कुणाच्या हातून लावायचं, पहिली कुदळ कुणी मारायची, ज्याला पहिली कुदळ हवी होती पण मिळाली नाही त्याला दुसरी देऊन फोटोत मात्र मधोमध कसं उभं करायचं, फ्लेक्सवर कुणाचं डोकं केवढं घ्यायचं आणि कुणाचं नाही घेतलं तर त्याचं डोकं फिरेल, या सगळ्याचा आधी बारीक विचार झालेला असतो. फोटोत डोळे मिटलेले येऊ नयेत म्हणून ऊन कुठल्या अंगाला असेल हेसुद्धा कुणीतरी आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघून आलेलं असतं. एवढ्या गडबडीत एकच गोष्ट ठरवायची राहते. नारळ फुटल्यावर करायचं काय? कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, "आधी नारळ तर फुटू द्या. पुढचं पुढं."

सरकारी कामांबद्दल मी बोलत नाही. काँक्रीटचा रस्ता वाळायच्या आत त्याखाली पाइपलाइन टाकायची आठवण होणं ही महाराष्ट्रभराची रीत आहे आणि तिला हसून हसून लोक दमले आहेत. मी बोलतोय घरच्या माणसाबद्दल. आमचे तात्या.

तात्या माझे सख्खे चुलते. शिरूर-चौफुला रस्त्यापासून थोडं आत त्यांचं रान आहे, रानात ऊस आहे आणि डोक्यात कायम एखादं काम आहे. तसं पाहिलं तर नियोजनात त्यांचा हात धरणारा माणूस पंचक्रोशीत सापडायचा नाही, फक्त काम दुसऱ्याचं असलं पाहिजे. चौकातल्या टपरीवर अर्ध्या चहात ते घोडगंगा कारखान्याचा गळीत हंगाम, चासकमानचं आवर्तन, केंद्राचं अंदाजपत्रक आणि भारतीय संघातली चौथ्या नंबरची जागा एवढं सगळं मार्गी लावतात. उरलेल्या अर्ध्या चहात समोरच्याच्या पोरीचं लग्न कसं उरकायचं ते सांगतात. स्वतःच्या कामाचा विषय निघाला की मात्र त्यांच्या तोंडून दोनच अक्षरं बाहेर पडतात. बघू.

या 'बघू'च्या जोरावर त्यांनी बंगला बांधायला काढला.

अक्षय तृतीयेचा मुहूर्त होता. मी पुण्याहून पोचलो तेव्हा नारळ फुटून त्याचे तुकडेही वाटून झाले होते. मी आपलं सहज विचारलं, "तात्या, नकाशा कुठाय?"

"कसला नकाशा? घर बांधायचंय, किल्ला घ्यायचा न्हाई."

"पण खोल्या किती, कुठली खोली कुठं..."

"घरात माणसं किती ती बघायची, तेवढ्या खोल्या काढायच्या. माणूस जन्माला येताना नकाशा घिऊन येतं का?"

या प्रश्नाला उत्तर नाही. तात्यांच्या बहुतेक प्रश्नांना ते नसतं, आणि म्हणूनच चारचौघांत त्यांचं म्हणणं बरोबर ठरतं.

सगळ्यात आधी उभी राहिली ती कंपाउंडची भिंत. घराच्या आधी? होय, घराच्या आधी. कारण त्या बाजूला बांध आहे, आणि बांधाच्या पलीकडं मधले चुलते. ते दर पावसाळ्यात वीतभर नांगर अलीकडं सारतात असा तात्यांचा जुना संशय आहे. तेव्हा भिंत सहा फुटी, वर काचा, पुढं लोखंडी गेट, गेटला कुलूप. आत नुसती ढेकळं. रस्त्यानं जाणारा माणूस थबकायचा.

"तात्या, आत काय ठिवलंय?"

"बंगला."

"दिसत न्हाई."

"दिसंल."

मग मिस्त्री आला. त्यानं ढेकळं सपाट करून घेतली आणि तात्या तोंडानं सांगतील तशी जमिनीवर फक्की मारली. पांढऱ्या रेघांचं ते घर मला फार आवडलं होतं. सगळे जण चपला काढून आत शिरले. काकू स्वैपाकघरात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खिडकी कुठाय? मला रस्त्यावरचं दिसलं पायजे." तात्यांनी पायानं एक रेघ पुसली. थोरल्यानं त्याच्या खोलीला लागून न्हाणीघर मागितलं. आणखी एक रेघ पुसली. धाकट्यानं थोरल्याची खोली आपल्यापेक्षा मोठी आहे हे पावलांनी मोजून सिद्ध केलं. इतक्यात पुण्यातल्या कुणा वास्तुवाल्याचा फोन आला, की स्वैपाकघर आग्नेयेला हवं. आग्नेय नक्की कुठली, यावर तिथं जमलेल्या लोकांत दोन तट पडले. संध्याकाळी त्या रेघांवरून शेळ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं ज्या रेघा ठळक दिसल्या त्या खऱ्या मानल्या आणि पाया खणायला घेतला. तात्यांच्या बंगल्यातलं न्हाणीघर हॉलमधून का उघडतं आणि देवघरात जायला धाकट्याच्या खोलीतून का जावं लागतं, याचं उत्तर वास्तुशास्त्रात शोधू नये. त्या शेळ्या होत्या.

पाया खणून झाला आणि पैसे संपले.

इथं उसाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ऊस हे मोठं नियोजनाचं पीक. जुलै-ऑगस्टात लागण केली तर आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरात केली तर पूर्वहंगामी, थंडी सरताना केली तर सुरू, आणि तोडून झाल्यावर फुटतो तो खोडवा. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. म्हणजे जो माणूस आषाढात चिखलात वाकून ८६०३२ जातीच्या उसाची टिपरी लावतो त्याला पुढच्या वर्षाची दिवाळी डोळ्यांपुढं दिसावी लागते. तात्यांना ती स्वच्छ दिसते. ऊस गुडघ्याएवढा असतानाच त्यांना त्याचं बिल दिसायला लागतं, आणि दिसायला लागलं की ते खर्च करून टाकतात. एकाच बिलातून बंगल्याचा पाया, थोरल्याचा ट्रॅक्टर, सोसायटीचं कर्ज, काकूंच्या पाटल्या आणि भाचीच्या लग्नातला आहेर. ऊस गेल्यावर १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावेत असं १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तात्यांचा खर्चाचा आदेश त्याच्याही १४ महिने आधी निघतो.

तेव्हा पाया उघडा राहिला आणि मृग लागला. त्या वर्षी पाऊसही नेमका आमच्याच शिवारावर मेहेरबान. कंपाउंडच्या आत चौकोनी तळी साचली, त्यांत बेडकं आली, बेडकांमागं आणखी कायकाय आलं. बघायला येणाऱ्यांना तात्या सांगत, "शेततळ्याच्या अनुदानाला लोकं तालुक्याला हेलपाटे घालत्यात. आपलं फुकटात झालं."

पावसाळ्यानंतर पाणी आटलं, इकडून तिकडून हातउसनं मिळालं, भिंती वर चढल्या. आणि पौषाच्या थंडीत स्लॅबचा दिवस उजाडला.

स्लॅब ज्यानं पाहिला नाही त्यानं लढाई पाहिली नाही. सेंट्रिंगच्या प्लेटा, त्यांच्याखाली बल्ल्यांचं जंगल, वर सळ्यांची जाळी, तारेनं आवळलेली. खाली मिक्सर घरघरतोय, लिफ्ट वर जातेय, व्हायब्रेटरवाला पोरगा तो सोडून बाकी सगळीकडं बघतोय, आणि घमेल्यामागून घमेलं या हातातून त्या हातात. एकदा सुरू झाला की स्लॅब मधे थांबवायचा नसतो. म्हणजे त्या दिवशी वाळू, खडी, सिमेंट, पाणी, डिझेल आणि माणसं ही सगळी एकाच वेळी एकाच ठिकाणी असावी लागतात. तात्यांनी यातलं जेवणाचं तेवढं नक्की केलं होतं. मटण आदल्या रात्रीच सांगून ठेवलेलं.

खडी कमी पडली ती साडेअकराला. खडीची गाडी निघाली होती, पण हंगाम भरात. चौकात उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक लागलेल्या, त्यातल्या एकीचं टायर फुटलेलं, आणि तिच्यामागं आमची खडी. तात्या मोटरसायकलवरून गेले. फुटलेल्या ट्रॉलीचा ड्रायव्हर चाकाजवळ शांत बसला होता.

"कवा निघंल?" तात्यांनी विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

तात्यांना या शब्दाचा राग येताना मी पहिल्यांदाच पाहिला.

तेवढ्यात इकडं मिस्त्रीनं वरून हाक मारली, "तात्या आलं का? जिन्याला मोकळी जागा कुठं सोडायची?" तात्या नव्हते. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला इचारून खिडकी केली का?" थोरला म्हणाला, जिना बाहेरून. धाकटा म्हणाला, आतून. तात्या परत आले ते खडीसकट आणि संतापासकट. मिस्त्रीनं पुन्हा विचारलं.

"जिना कशाला? वर जायची आत्ताच कुणाला घाई झालीय?"

यावर बोलायची कुणाची छाती झाली नाही. स्लॅब सलग पडला, सांधा नाही, फट नाही. मिस्त्री आजही सांगतो, की त्याच्या हयातीत इतका अखंड स्लॅब त्यानं टाकला नाही.

संध्याकाळी पंगत बसली. शेजारचा एक पोरगा, आयटीआयतून वायरमन होऊन आलेला, रश्शात भाकरी कुस्करता कुस्करता वर बघत म्हणाला, "तात्या, फॅनचे डबे किती टाकलं?"

कुणी काही बोललं नाही.

"आणि पायपा? स्लॅबातून वायरिंगच्या पायपा टाकल्या असतील ना?"

मिस्त्रीनं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी मटणाच्या पातेल्याकडं बघितलं. "टेबल फॅन हाईत की घरात," ते म्हणाले, "वाढ रं ह्याला अजून." त्या पोराचं तोंड पुढं बराच वेळ भरलेलं राहील याची तात्यांनी स्वतः काळजी घेतली. तात्यांच्या हातून मी पाहिलेली ही पहिली पूर्वतयारी.

स्लॅब पडला की दुसऱ्या दिवसापासून त्यावर आळी करून पाणी भरून ठेवावं लागतं, नाहीतर तो तडकतो. हे तात्यांना ठाऊक होतं. पाणी कुठलं, हे ठाऊक नव्हतं. तोवरचं सगळं बांधकाम कालव्याच्या आवर्तनावर आणि मधल्या चुलत्यांच्या विहिरीवर चाललं होतं. आवर्तन संपलं. मधल्या चुलत्यांनी भिंतीवरच्या काचांकडं बोट दाखवलं. तहान लागल्यावर विहीर खणू नये अशी म्हण आपल्याकडं आहे, पण ती विहिरीबद्दल आहे. तात्यांनी बोअर घ्यायचं ठरवलं.

पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा धरून तो सबंध कंपाउंडभर फिरला. एका जागी नारळ असा काही ताडकन उभा राहिला, की पाणाड्या स्वतःच दचकला. जागा होती हॉलच्या बरोबर मध्यभागी.

"एवढं पानी हाय हितं," तो म्हणाला, "की मोटार बसवायच्या आधीच वर यील."

"आरं पन हितं सोफा यायचाय."

"मग घर बांधायच्या आधी बोलवायचं."

हे वाक्य त्या घराच्या संदर्भात पुढं अनेकांनी उच्चारलं. सुतारानं, नळवाल्यानं, फरशीवाल्यानं, गॅसवाल्यानं. मान पाणाड्याचा, कारण पहिला तो.

शेवटी भिंतीजवळ एका जागी नारळानं थोडी मान हलवल्यासारखं केलं, ती जागा मुक्रर झाली. बोअरची गाडी रात्री अकराला आली. या गाड्या बहुतेक तमिळनाडूतल्या, नामक्कल जिल्ह्यातल्या तिरुचेंगोडच्या. ते गाव देशभर भोकं पाडण्यासाठीच प्रसिद्ध आहे. कुठं न्हावरे, कुठं तिरुचेंगोड! ती माणसं अर्धा देश ओलांडून, पत्ता विचारत, भाषा येत नसताना गेटपर्यंत न चुकता आली. आणि गेटपाशी अडकली. गेट ट्रॅक्टर जाईल एवढं होतं. बोअरची गाडी त्याहून रुंद, आणि तिच्यामागं कॉम्प्रेसरची दुसरी.

तात्यांनी तमिळ माणसाला समजावं म्हणून मोठ्यानं मराठी बोलायला सुरुवात केली. त्यानं तमिळमध्ये काहीतरी विचारलं आणि भिंतीवर हात मारून दाखवला. नकाशा, भाषा, नारळ कशाचीच गरज पडली नाही. काचा लावलेली ती सहा फुटी भिंत, जिच्यावर बंगल्याच्या आधी पैसा ओतला होता, ती रात्री साडेअकराला गाडी शिरेल एवढी पाडण्यात आली. पलीकडं मधले चुलते बॅटरी घेऊन बांधावर उभे होते. "ठोका, ठोका," ते म्हणाले, "मी हाय मदतीला."

बोअर चालू असताना झोपायची सोय नसते. कानठळ्या, धुळीचा लोट, आणि दर रॉडला वाढत जाणारं बिल. अशा वेळी तात्यांचं लक्ष दुसरीकडं वळवावं म्हणून मी इनामगावचा विषय काढला. इनामगाव आपल्याच तालुक्यात, घोड नदीकाठी. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ पासून पुढं पंधराएक वर्षं तिथं उत्खनन केलं आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उघडं केलं.

"तात्या, त्या लोकांनी पुराचं पाणी वळवायला आधी चारी खणली होती. काठाला दगडमातीचा बांध. घरं रांगेनं, दोन घरांत वाट सोडलेली. गावच्या मुख्याचं घर पाच खोल्यांचं आणि त्याला लागूनच धान्याचं कोठार. कुंभार, सोनार अशा कारागिरांची वस्ती गावाच्या पश्चिमेला. सगळं ठरवून, बैजवार."

"साडेतीन हजार वर्सांपूर्वी?"

"हो. तेव्हा सिमेंट नाही, सळई नाही, काही नाही."

तात्या विचारात पडले. मला वाटलं, लागलं मनाला. कॉम्प्रेसरच्या आवाजावर आवाज चढवून ते म्हणाले, "मग कुठं गेली ती माणसं?"

"पुढं पाऊसमान घटलं. मोठी घरं गेली, गोल खोपटी आली. इसवी सनाच्या सातशेएक वर्षं आधी गाव ओस पडलं."

"बघ!" तात्या एकदम खुश झाले. "एवढी चारी, एवढं कोठार, आन् शेवटी गेलीच ना? आपण हाय हितंच."

पहाटे पाणी लागलं. बेताचं लागलं, पण लागलं.

त्यानंतर मिस्त्री काम सोडून गेला. रुसायला कारण असं काही घडलं नाही. फरशीचा उतार न्हाणीघराकडून हॉलकडं कसा द्यायचा, एवढंच त्याला समजेना. तात्या चिंतेत दिसले तेव्हा मी त्यांना सिडनीच्या ऑपेरा हाऊसची हकिगत सांगितली, खोटं कशाला बोला, त्यांना दिलासा द्यायला. तिथंही १९५९ साली छताचं गणित सुटायच्या आधीच काम सुरू केलं. मग छत इतकं जड निघालं की खालचे खांब पुन्हा नव्यानं करावे लागले. अंदाज ७० लाख डॉलरचा, खर्च १० कोटी २० लाखांचा, आणि १९६३ ला व्हायची इमारत १९७३ ला उघडली. नकाशा काढणारा डॅनिश वास्तुकार, यॉर्न उट्झॉन, १९६६ साली मधेच सोडून गेला तो पुन्हा बघायलाही आला नाही.

"आन् आता कशी हाय ती इमारत?"

"जगभरातनं लोक बघायला येतात."

"मग!" तात्या म्हणाले. तेव्हापासून ते पाहुण्यांना सांगतात, की आपल्या बंगल्याचं काम आस्ट्रेलियाच्या पद्धतीनं केलंय.

आता कुणाला वाटेल, की मी बाजूला उभा राहून हसणारा मोठा शहाणा. शहाणा आहेच. माझ्याकडं वही आहे. पुण्याच्या घरात पुस्तकांसाठी भिंतीला एक कपाट करायचं बरेच दिवस घाटतंय. त्याची वही. पहिल्या पानावर 'नियोजन', खाली लाल शाईची दुहेरी रेघ. मग भिंतीची मापं, पुस्तकांची मापं, भविष्यात घ्यायच्या पुस्तकांची अंदाजे मापं, सागवान विरुद्ध प्लायवूड असा तक्ता, सुतारांची यादी, त्या यादीतल्या सुतारांना विचारायच्या प्रश्नांची यादी. मधे घरात रंग निघाला तेव्हा मापं पुन्हा घेतली, कारण रंगाच्या थरानं फरक पडू शकतो. पुस्तकं अजून पलंगाखाली आहेत. पलंगाखाली कुठलं पुस्तक कुठं आहे याचाही वहीत तक्ता आहे, पण वही सध्या पुस्तकांमागं गेली आहे.

काकूंनी एकदा विचारलंच, "तुझं ते कपाट झालं का रे बाबा?"

"मापं चाललीत, काकू."

तात्या खाटेवरून म्हणाले, "आमच्या बंगल्याला जिना न्हाई. पन बंगला हाय."

मी जरा चिडून त्यांना धनंजयराव गाडगिळांचं उदाहरण दिलं. तुमचा ऊस ज्या सहकारी कारखानदारीवर उभा आहे तिची सुरुवात घोड नदीपलीकडं नगर जिल्ह्यात झाली. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी कारखाना उभा केला त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ, आणि हेच गाडगीळ पुढं १९६७ मध्ये दिल्लीला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. म्हणजे ऊस आणि नियोजन या दोन गोष्टी एका माणसानं एकत्र सांभाळल्या. तुम्हाला एक बंगला सांभाळता येत नाही?

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. गाडगिळांच्या नावापुढं त्यांनी हातही जोडले. मग म्हणाले, "आन् त्यो नियोजन आयोग कुठाय आता?"

२०१५च्या १ जानेवारीला त्याच्या जागी नीती आयोग आला, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण त्यांना ते ठाऊक होतं. टपरीवर तेव्हा त्यावर चर्चा झालेली.

वास्तुशांतीचा दिवस ठरला. पत्रिका छापल्या, मांडववाला ठरला, फ्लेक्सवर डोकी बसली. इथपर्यंत तात्यांचं काम नेहमीसारखं चोख. आचाऱ्यानं विचारलं, "पानं किती?"

"यील त्याला वाढायचं."

"तसं नव्हं तात्या, तांदूळ किती टाकू?"

"बघू."

सकाळी होम पेटला आणि नळाचं पाणी गेलं. शेतीच्या मोटारीला त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. दिवसा थ्री-फेज नाही म्हणजे बोअर मुका. हे पत्रक दर आठवड्याला तात्यांच्याच मोबाइलवर येतं, ते स्वतः चार जणांना पुढं पाठवतात. रात्री टाकी भरून ठेवायची कुणाला सुचलं नाही, कारण रात्री सगळे फ्लेक्स बांधत होते. इकडं पाव्हणे उतरायला लागले. निमोण्याचे, आंबळ्याचे, उरळगावचे, मांडवगणचे. पुण्याहून एक अख्खी टेम्पो ट्रॅव्हलर. आचारी घामाघूम. पत्रावळ्या होत्या, बुंदी होती, वांग्याची भाजी होती, पाणी नव्हतं. काकूंनी पदर खोचला आणि तात्यांकडं नुसतं बघितलं. अशा बघण्याला त्या घरात फार मान आहे.

थोरल्यानं टँकरला फोन लावला. टँकर आला. दहा हजार लिटरचा, लांबच्या लांब, गेटमधून कुठल्याही जन्मात आत न शिरणारा. लोकांनी श्वास रोखला. आणि ड्रायव्हरनं गेटकडं ढुंकूनही न बघता गाडी सरळ बाजूनं घातली. बोअरच्या रात्री पाडलेली भिंत तात्यांनी अजून बांधलीच नव्हती. त्या खिंडारातून टँकर ऐटीत आत आला आणि थेट आचाऱ्याच्या चुलाणापाशी जाऊन उभा राहिला. मधल्या चुलत्यांनीसुद्धा बांधावरून टाळ्या वाजवल्या.

तात्या सोवळं नेसून होमापुढं बसले होते, तिथून उठून मांडवात आले. चेहऱ्यावर तेज. पाहुण्यांवरून एकदा नजर फिरवली, मग माझ्यावर आणून थांबवली.

"म्हणून तर भिंत बांधली न्हवती," ते म्हणाले. "याला म्हनत्यात नियोजन. घे लिहून तुझ्या वहीत."

लोकांनी माना डोलावल्या. पुण्याच्या पाहुण्यांपैकी एक जण तर दूरदृष्टी की असं काहीतरी म्हणाले. आचाऱ्याची पिंपं भरली, हंडे भरले. टँकरवाल्यानं उरलेलं पाणी गच्चीवरच्या टाकीत सोडायचं म्हणून पाइपाचं टोक खांद्यावर घेतलं, बंगल्याला एक चक्कर मारली, दुसरी मारली, आणि परत येऊन तात्यांना विचारलं,

"मालक, जिना कुण्या अंगाला हाय?"